जिल्हा रुग्णालय : निवासी डॉक्टरांची दुसरी पाठशाळा

ग्रामीण आरोग्यसेवेची चर्चा निघाली की ती बहुधा डॉक्टरांच्या संख्येपाशी येऊन थांबते. किती पदे मंजूर आहेत, किती भरली आहेत, किती रिक्त आहेत, याचा हिशेब मांडला जातो. हा हिशेब आवश्यक आहे यात शंका नाही. परंतु त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे. जो डॉक्टर दुर्गम तालुक्यात जाणार आहे, त्याला तेथील काम करण्याचे शिक्षण कोठे आणि कोणी दिले? महानगरातील हजार खाटांच्या रुग्णालयात घडलेला तज्ज्ञ तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात आला, तर त्याचे ज्ञान तेवढेच राहते. पण ते वापरण्याची साधने, सहकारी आणि परिस्थिती बदललेली असते. या बदललेल्या परिस्थितीत योग्य निर्णय घेता येणे हे स्वतंत्र कौशल्य आहे आणि ते शिकावेच लागते.

या दृष्टीने गेल्या काही वर्षांत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणात जो बदल झाला, त्याची माहिती शासकीय अधिकारी, शिक्षक व पंचायत राज संस्थांचे सदस्य यांना असणे अगत्याचे आहे. कारण हे शिक्षण आता केवळ वैद्यकीय महाविद्यालयाच्या भिंतींआड होत नाही, ते जिल्ह्यातही होते.

निवासी डॉक्टर म्हणजे कोण?

एम.बी.बी.एस.चा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा असून त्यानंतर एक वर्ष आंतरवासिता करावी लागते. ही पदवी मिळालेल्या डॉक्टरला औषधवैद्यकशास्त्र, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र, बालरोग, भूलशास्त्र यांसारख्या एखाद्या विषयात तज्ज्ञ व्हावयाचे असल्यास त्याला एम.डी. किंवा एम.एस. या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यावा लागतो. हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा, म्हणजे सहा सत्रांचा असतो. या काळात तो महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्रंदिवस काम करतो व काम करता करता शिकतो. म्हणून त्यास ‘निवासी डॉक्टर’ म्हणतात. तो विद्यार्थीही असतो आणि रुग्णसेवेचा मुख्य भारही वाहत असतो.

डॉक्टरचा पुढील आयुष्यातील व्यवसायाचा पिंड बहुतांशी या तीन वर्षांत घडतो. याच काळात त्याने फक्त मोठ्या शहरातील रुग्णालय पाहिले, तर ‘औषधोपचार’ या शब्दाबरोबर त्याच्या मनात तेथील अतिदक्षता विभाग, रक्तपेढी आणि हाकेच्या अंतरावरील इतर तज्ज्ञ हेच चित्र उभे राहते. जेथे हे काहीच नाही तेथे जाण्यास तो कचरतो, यात त्याच्या सेवाभावाचा अभाव असतोच असे नाही. पुष्कळदा अपरिचिताची भीतीच अधिक असते.

विचार जुना, अंमलबजावणी अपुरी

वैद्यकीय शिक्षण समाजाकडे वळवावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १९४३ साली नेमलेल्या आणि १९४६ साली अहवाल सादर केलेल्या भोर समितीने ‘सामाजिक वैद्य’ घडविण्याची कल्पना मांडली होती. त्यासाठी प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण असावे, अशी तिची शिफारस होती. पुढे १९७५ साली श्रीवास्तव समितीने वैद्यकीय शिक्षण राष्ट्राच्या गरजांशी जोडण्याची निकड पुन्हा अधोरेखित केली. तिच्या शिफारशींच्या अनुषंगाने १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली. तिच्यानुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाशी प्रारंभी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रे जोडावयाची होती. विद्यार्थी व अध्यापक यांनी तेथे जाऊन सेवा द्यावी आणि शिकावे, असा तिचा हेतू होता.

हेतू चांगला असूनही या प्रयत्नांचे फळ मर्यादित राहिले. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. ग्रामीण भागातील काम बहुधा सामाजिक वैद्यकशास्त्र या एकाच विभागाकडे सोपविले गेले. शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र वा बालरोग विभागांचे अध्यापक त्यापासून दूरच राहिले. शिवाय ज्या वयात डॉक्टर तज्ज्ञ म्हणून घडतो, त्या निवासी काळाला या योजनांचा फारसा स्पर्श झाला नाही. विद्यार्थिदशेतील थोड्या दिवसांची खेडेभेट पुढील वर्षांच्या शहरी शिक्षणात पुसली गेली.

महाराष्ट्राने दाखविलेल्या वाटा

महाराष्ट्रात मात्र काही ठिकाणी या प्रश्नाला प्रत्यक्ष कामातून उत्तरे शोधली गेली. त्यांतील चार उदाहरणे येथे उपयुक्त ठरतील.

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, १९६९ साली, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम येथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. तेथे प्रत्येक तुकडीस एक गाव दत्तक दिले जाते. विद्यार्थी त्या गावात शिबिरासाठी राहतात, कुटुंबांशी जोडले जातात आणि पुढेही त्या कुटुंबांकडे जात राहतात. एकाच कुटुंबाकडे वारंवार गेल्यामुळे आजार हा केवळ तपासणीच्या टेबलावरचा प्रसंग न राहता पाणी, अन्न, कर्ज, मजुरी आणि नातेसंबंध यांच्या गुंत्यातील घटना म्हणून दिसू लागतो.

१९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी त्या वेळच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे गावाचे आरोग्य सोपविण्याची त्यांची पद्धत जगभर अभ्यासली गेली. १९७९ साली या दांपत्यास रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडचा धडा असा की, डॉक्टर हा आरोग्यसेवेतील एक दुवा आहे. साखळी पूर्ण व्हावयाची तर त्याने इतरांना शिकविले पाहिजे आणि त्यांच्याकडून शिकलेही पाहिजे.

तिसरे उदाहरण रायगड जिल्ह्याचे. हा जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात असताना, १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. भरपूर घाम, गार पडलेले हातपाय आणि पुढे फुप्फुसात पाणी होऊन मृत्यू, असा हा क्रम असे. पाठ्यपुस्तकांतून यावर समाधानकारक उपाय मिळत नव्हता. त्यांनी रुग्णांच्या खाटेशी बसून एकेक लक्षण टिपले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रक्तवाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे साधे, तोंडाने देता येणारे औषध या दंशावर उपयुक्त असल्याचे त्यांनी दाखवून दिले. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण पूर्वी ३० ते ४० टक्क्यांच्या घरात असे. ते या उपचाराने अगदी अल्प झाले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. ज्ञान नेहमी शहराकडून खेड्याकडेच वाहते असे नाही, हे बिरवाडीने सिद्ध केले.

चौथे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. त्यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग आढळला, आणि पूर्वी कधीही तशी तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ ८ टक्के होत्या. १९८९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णालयाच्या दारात जे येतात तेवढेच रुग्ण, या समजुतीला त्यांनी धक्का दिला. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेतल्याने नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली त्यांनी मांडले. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत ही पद्धती राबविली जाऊ लागली.

जिल्हा निवासी कार्यक्रम

या सर्व प्रयत्नांत डॉक्टर स्वेच्छेने गेले होते किंवा एखाद्या संस्थेने आपल्या विद्यार्थ्यांपुरता नियम केला होता. सर्व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जिल्ह्यातील प्रशिक्षण अनिवार्य करण्याचे पाऊल सप्टेंबर २०२० मध्ये उचलले गेले. पदव्युत्तर शिक्षणाच्या नियमांत दुरुस्ती होऊन ‘जिल्हा निवासी कार्यक्रम’ अस्तित्वात आला. २०२३ च्या नव्या नियमांतही तो कायम राखण्यात आला.

कार्यक्रमाचे स्वरूप थोडक्यात असे आहे. प्रत्येक निवासी डॉक्टरने तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात तीन महिने जिल्हा आरोग्य यंत्रणेत काम करावयाचे असते. या काळात त्यास ‘जिल्हा निवासी’ म्हटले जाते. सुरुवातीच्या नियमांत किमान १०० खाटांचे शासकीय रुग्णालय अपेक्षित होते. २०२३ च्या नियमांनी ही मर्यादा ५० खाटांपर्यंत खाली आणली. रुग्णोपचाराच्या शाखेतील जिल्हा निवासी बाह्यरुग्ण विभाग, आंतररुग्ण विभाग, अपघात विभाग व रात्रपाळी या सर्व ठिकाणी आपल्या विषयातील जिल्हा तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करतो. प्रयोगशाळा, न्यायवैद्यक, सामाजिक वैद्यकशास्त्र आदी शाखांतील निवासींना त्यांच्या विषयाशी संबंधित काम दिले जाते. महाविद्यालयातील अध्यापकांशी त्याचा दूरध्वनीद्वारे व अन्य माध्यमांतून संपर्क चालू राहतो. विद्यावेतनही चालूच राहते. हे प्रशिक्षण समाधानकारकपणे पूर्ण केल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही.

कार्यक्रमाची उद्दिष्टे चार आहेत : जिल्हा आरोग्य यंत्रणेची ओळख व्हावी आणि सेवा करता करता शिक्षण मिळावे, राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमांचे नियोजन, अंमलबजावणी व मूल्यमापन जिल्हा पातळीवर कसे चालते ते कळावे, विविध श्रेणींतील आरोग्य कर्मचाऱ्यांच्या कामाचा परिचय व्हावा, आणि शिक्षण घेत असलेल्या या डॉक्टरांचा जिल्ह्याच्या सेवेला हातभार लागावा. या क्रमात शिक्षण प्रथम आले आहे आणि मनुष्यबळाची मदत शेवटी, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

तीन महिन्यांत काय शिकावयाचे?

जिल्ह्यातील आजारांची जातकुळी वेगळी असते. पावसाळ्यातील एक रात्र घ्या. जमिनीवर झोपलेल्या मुलाच्या पोटात पहाटे दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, अंगावर दंशाची खूण दिसत नाही. हा मण्यारचा दंश असू शकतो, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याच्या ताबडतोब लक्षात येते. घोणस चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. ते ओळखण्यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन ते २० मिनिटे न हलविता ठेवावयाचे आणि नळी तिरपी करून पाहावयाचे. रक्त गोठले नसेल तर सर्पविषविरोधी लस सुरू करावयाची. ज्याला हे ठाऊक नाही तो रुग्णाला पुढे पाठवितो, आणि मोलाचा वेळ रस्त्यात जातो.

प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाची गोष्टही अशीच. उपचार न झाल्यास सुदृढ माताही दोन तासांच्या आत दगावू शकते. शहरातील निवासी डॉक्टर रक्ताची मागणी करतो आणि काही मिनिटांत पिशवी हाती येते. जेथे रक्तपेढी दुसऱ्या तालुक्यात आहे, तेथे बाळ जन्मताच द्यावयाचे ऑक्सिटोसिन, ते टिकविणारी शीतपेटी, गर्भाशय आकुंचन पावावे म्हणून करावयाचे हाताचे उपाय आणि रुग्णवाहिका नेमकी केव्हा बोलवावयाची याचा निर्णय, यांवर जीव अवलंबून असतो.

तीव्र कुपोषित बालकाच्या बाबतीत घाईने केलेला उपचारच घातक ठरू शकतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित समजले जाते. अशा मुलाला जंतुसंसर्ग होऊनही पुष्कळदा ताप येत नाही, उलट अंग गार पडते. शिरेतून भराभर द्रव दिल्यास त्याचे दुबळे हृदय थकते. अंगणवाडी सेविकेने मोजपट्टीने ओळखलेले मूल आणि रुग्णालयातील उपचार यांच्यातील दुवा निवासी डॉक्टरने स्वतः पाहिला पाहिजे.

सिकलसेल हा आजार विदर्भात तसेच नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले असून ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे लक्ष्य आहे. सांधेदुखीने विव्हळणाऱ्या मुलाला केवळ वेदनाशामक देऊन परत न पाठविता सिकलसेलची शंका घेणे आणि पुढे त्याचा नियमित पाठपुरावा ठेवणे, ही सवय जिल्ह्यातच लागते.

औषधोपचाराखेरीज आणखी तीन गोष्टी शिकावयाच्या असतात. पहिली भाषा. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी व माडिया, नंदुरबारमध्ये भिली व पावरी बोलणारा रुग्ण आपले दुखणे प्रमाण मराठीत सांगू शकेलच असे नाही. दुसरी, रुग्ण पाठविण्याची आणि परत स्वीकारण्याची शिस्त. चिठ्ठीत काय लिहावे, पुढच्या रुग्णालयाला आधी दूरध्वनी का करावा, हे ज्याने चिठ्ठी वाचणारा आणि लिहिणारा अशा दोन्ही भूमिका केल्या आहेत त्यालाच उमगते. तिसरी, यंत्रणेची रचना. सपाट प्रदेशात ३० हजार व आदिवासी, डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, त्याखाली उपकेंद्रे, त्यावर ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा शल्यचिकित्सकाचे कार्यक्षेत्र आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्याचे कार्यक्षेत्र, हे सारे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून कळत नाही.

अडचणींचा विचार

योजना कागदावर उत्तम असली तरी तिच्या मार्गात काही अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पहिली अडचण अशी की, जेथे तज्ज्ञाचे पद रिक्त आहे तेथे गेलेल्या निवासी डॉक्टरला शिकविणार कोण? अशा ठिकाणी त्याच्याकडे रिक्त पदाची भरपाई म्हणून पाहण्याचा मोह होतो. मग तीन महिने तो एकट्याने रात्रपाळ्या करतो, त्याच्या चुका दाखविणारा कोणी नसतो, आणि तो जातो तेव्हा पद रिक्तच असते. यात रुग्णाचेही नुकसान आहे आणि शिक्षणाचेही. अनुभव वाईट आला तर तो डॉक्टर पुन्हा त्या भागाकडे वळणार नाही, हे तिसरे आणि कदाचित सर्वांत मोठे नुकसान.

दुसरी अडचण प्रशासकीय स्वरूपाची आहे. वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे, तर जिल्हा रुग्णालये व प्राथमिक आरोग्य केंद्रे सार्वजनिक आरोग्य यंत्रणेकडे. निवासी डॉक्टर एका विभागाचा विद्यार्थी असतो आणि दुसऱ्या विभागाच्या रुग्णालयात काम करतो. निवास, रजा, हजेरी, मूल्यमापन या बाबी दोहोंच्या मध्ये अडकू नयेत, यासाठी समन्वयकाचे स्थान महत्त्वाचे ठरते.

तिसरी अडचण निवासाची व सुरक्षिततेची. रात्रपाळी करणाऱ्या महिला डॉक्टरसाठी रुग्णालयाच्या आवारात सुरक्षित खोली, पाणी व प्रकाश यांची सोय नसेल तर कोणताही नियम परिणामकारक होणार नाही.

तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाने डॉक्टर खेड्यात कायमचा स्थायिक होईल, अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये व पुन्हा २०२१ मध्ये दुर्गम भागात आरोग्य कर्मचारी टिकविण्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांना प्रवेश, शहराबाहेर शिक्षणसंस्था, शिक्षणकाळात ग्रामीण प्रशिक्षण, राहणीमानाच्या सोयी आणि व्यावसायिक आधार हे सर्व उपाय एकत्रितपणे योजावयास सांगितले आहे. गडचिरोली येथे २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते याच दिशेचे एक पाऊल म्हणावे लागेल. जिल्हा निवासी कार्यक्रम हा या साखळीतील एक दुवा आहे; तो एकटा साखळीचे काम करू शकणार नाही.

आपण काय करू शकतो?

जिल्हा पातळीवरील अधिकाऱ्यांनी निवासी डॉक्टर रुजू होताच पहिल्या आठवड्यात त्यास यंत्रणेची ओळख करून द्यावी, त्याच्या विषयातील तज्ज्ञ जेथे उपलब्ध आहे अशाच ठिकाणी त्याची नेमणूक व्हावी आणि किमान काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र व आशा कार्यकर्तीसोबत गृहभेटी यांसाठी राखून ठेवावे. माता किंवा बालमृत्यूची कारणमीमांसा करणाऱ्या बैठकीस त्याला बसवावे. एक मृत्यू टाळता आला असता काय, ही चर्चा ऐकणे पुस्तकाच्या अनेक प्रकरणांहून अधिक शिकवून जाते.

पंचायत सदस्यांनी ग्राम आरोग्य व पोषण समितीच्या बैठकीस अशा डॉक्टरला निमंत्रित करावे. गावातील विहीर, आठवडी बाजार, स्थलांतराचे महिने, पावसाळ्यात तुटणारा रस्ता यांची माहिती त्यास गावकऱ्यांकडूनच मिळू शकते. रुग्ण कल्याण समितीवर असलेल्या सदस्यांनी निवासस्थानाची दुरुस्ती, पाणी व वीज यांकडे लक्ष द्यावे. रुग्ण दगावला असता जमाव रुग्णालयावर चालून जाणार नाही, हे पाहणे हीदेखील लोकप्रतिनिधींचीच जबाबदारी आहे.

शिक्षकांचे सहकार्य तर अनमोल ठरेल. शालेय आरोग्य तपासणीत कोणते मूल वारंवार गैरहजर असते, कोणाला फळ्यावरचे दिसत नाही, कोणाचे सांधे सतत दुखतात, हे शिक्षकाइतके कोणास ठाऊक असते? आदिवासी भागातील शिक्षक बोलीभाषा जाणत असेल तर नव्या डॉक्टरला रोजच्या वापरातील पन्नास-शंभर शब्द शिकविणे त्याला अवघड नाही. ‘कोठे दुखते’, ‘केव्हापासून’, ‘घाबरू नका’ एवढे शब्द रुग्णाच्या भाषेत उच्चारले गेले, तरी तपासणीच्या खोलीतील निम्मे अंतर मिटते.

समारोप

भोर समितीने तीन महिन्यांच्या सामाजिक प्रशिक्षणाची कल्पना मांडली त्यास आज आठ दशके होत आली. तेवढ्याच अवधीचे प्रशिक्षण आता पदव्युत्तर पातळीवर नियमाने आले आहे. नियम डॉक्टरला जिल्ह्यात आणू शकतो. परंतु त्याचे तेथे शिक्षण होईल की केवळ उपस्थिती भरेल, हे जिल्ह्यातील तज्ज्ञ, अधिकारी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, पंचायत आणि शाळा यांच्या वागणुकीवर ठरणार आहे. दर तीन महिन्यांनी येणारा हा तरुण पाहुणा गावाचा विद्यार्थी आहे, अशा दृष्टीने त्याच्याकडे पाहिले, त्याला आपले दुखणे आणि आपले ज्ञान दोन्ही मोकळेपणाने दिले, तर पुढे तो कोठेही गेला तरी दूरच्या तालुक्यातून आलेली चिठ्ठी त्याच्या हाती पडेल तेव्हा तो ती समजून वाचील. दुर्गम भागातील रुग्णाच्या दृष्टीने हाही लाभ लहान नाही.